निर्धूर चुलींचं पुढे काय झालं? : प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२३

करार हातात आला. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली काही गावं, काम स्वयंपाकघरातला धूर कमी करण्याचं. अंदाजपत्रकात सगळ्यात मोठी रक्कम 'जनजागृती' या शीर्षाखाली आहे: पथनाट्य, भिंतीवरची चित्रं, सामूहिक शपथ, शाळेत निबंध स्पर्धा. मी देणगीदारांना पत्र लिहून एकच बदल मागितला. सुरुवातीचे काही महिने यातलं काही करायचं नाही. या गावांत धूर घालवायला आपल्याआधी कोण कोण येऊन गेलं आणि त्याचं काय झालं, एवढंच शोधायचं. होकार आला. पत्राचा सूर मात्र 'तुमचा हट्टच असेल तर करा' असा.

आपण पहिले नाही, हे तर उघड आहे. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये गुंडाळला गेला. मधल्या काळात देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसल्याची सरकारी नोंद आहे. इकडे त्यांना निर्धूर चूल म्हणतात, म्हातारी माणसं 'सरकारी चूल'. मग संस्थांच्या मातीच्या, पत्र्याच्या चुली आल्या. मे २०१६ पासून गरीब घरांतल्या बायकांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली. प्रत्येक वेळी कागदावरचं काम पूर्ण झालं.

११ जुलै

एक निर्धूर चूल सापडली. वस्तीवरच्या जुन्या घरात, अजून जागेवर. दोन भांड्यांची, मागे सिमेंटच्या नळीचं धुराडं. वर पाहिलं तर नळी कौलांपर्यंत जाऊन तिथेच संपलेली. बाहेरचा तुकडा एका वळवाच्या वाऱ्यात पडला आणि त्या भोकातून घरात पाणी यायला लागलं, म्हणून भोक बुजवलं, असं घरच्या आक्का म्हणाल्या.

पण खरी गंमत चुलीच्या तोंडाशी होती. मूळ तोंड वीतभरसुद्धा नसावं, ते फोडून मोठं केलेलं होतं. कुणी फोडलं? "आमीच की. पहिल्याच आठवड्यात. भाकरी कुठं शेकायची मग?"

हे नीट लिहून ठेवायला हवं. भाकरी आधी तव्यावर भाजतात आणि मग तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी, ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करतात. तिथे ती टम्म फुगते, पदर सुटतो. निर्धूर चुलीची सगळी करामत तोंड लहान ठेवण्यात होती. हवा मोजकीच आत जावी, जाळ भांड्यांखालून फिरावा, धूर मागच्या नळीतून निघावा. तोंड लहान, म्हणजे निखारे बाहेर ओढायला जागाच नाही. ज्या घरात दोन्ही वेळा बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी होते, तिथे अशी चूल बसवायची आणि वर 'बायका जुनं सोडत नाहीत' म्हणायचं. तोंड फोडल्यावर हवेचं गणित बिघडलं आणि धूर पुन्हा घरात.

१३ जुलै

या चुली बांधणारे गवंडी शेजारच्या गावात भेटले. त्या वेळी प्रशिक्षण घेतलं होतं, चुलीमागे मजुरी मिळायची. चांगलं काम करत असणार, अजूनही हात सफाईदार आहे. मी विचारलं, लोक तोंड फोडतात हे वर कुणाला सांगितलं होतं का? ते हसले. "चूल बसली, सायेब बघून गेला, सही झाली. पुन्ना कोन येतंय?"

पंचायतीच्या कपाटात नंतरच्या एका संस्थेचा अहवाल सापडला. शेवटच्या पानावर शेरा आहे: लाभार्थ्यांमध्ये जनजागृतीचा अभाव. चूल काय करू शकत नव्हती, याबद्दल सबंध अहवालात एक ओळ नाही. वाटप किती, त्याचे तक्ते मात्र सुबक.

१९ जुलै

पाऊस नाही, गावं पेरणीच्या काळजीत. बसून वाचन केलं.

ओडिशातला अभ्यास पुन्हा काढला: रेमा हॅना, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांचा. ४४ गावं, सुमारे २,६०० कुटुंबं. कुणाला चूल आधी मिळणार ते सोडतीने ठरवलेलं, आणि घरांचा पाठपुरावा चार वर्षं. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. दुसऱ्या वर्षापासून फरक पुसला गेला. फुप्फुसांच्या तपासणीत सुधारणा नाही, सरपणात बचत नाही. चुली अधूनमधून वापरल्या गेल्या, तडकल्या, धुराड्यातली काजळी कुणी काढली नाही.

प्रयोगशाळेत हीच चूल चांगली ठरली होती. आणि अभ्यास पहिल्या वर्षानंतर थांबला असता तर तो यशाचा दाखला म्हणून आज जगभर फिरत असता. आपला प्रकल्प दीड वर्षाचा आहे. देणगीदारांना पुढच्या पत्रात हे लिहायचं, जरा गोड शब्दांत.

२६ जुलै

आज एकाच घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून राहिले. चुलीकडून दिवसभरात काय काय काम घेतात, याची यादी करायची होती. ती अशी वाढत गेली:

पहाटे अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी, सगळ्या घराचं. सरपणाचा मोठा वाटा इथेच जातो. मग आतल्या चुलीवर चहा, लगेच भाकरी. एका बाजूला वैलावर कालवण, त्याला वेगळा जाळ लागत नाही. भाकरी झाल्या की उरलेल्या आरावर दूध. ते दुपारपर्यंत तसंच मंद तापत राहतं आणि वर जाड साय धरते. म्हैस व्यालेली, तिच्यासाठी बाजरी शिजवायची. संध्याकाळी पुन्हा भाकरी. चुलीच्या वर आढ्याला मक्याची कणसं टांगलेली, पुढच्या पेरणीचं बियाणं; धुरामुळे त्याला कीड लागत नाही. राख भांडी घासायला, राख कडधान्याला चोळून ठेवायला, राख परसातल्या वांग्यांना. थंडीत शेकायला बसायची जागाही तीच.

आणि जळण म्हणाल तर वेडी बाभूळ, तुराट्या, शेणी. रोख पैसा एकालाही लागत नाही.

उज्ज्वलाची शेगडी याच घरात आहे, ओट्यावर, वर प्लॅस्टिकचं कव्हर. एवढ्या कामांपैकी तिने नीट करावीत अशी दोन: चहा आणि कालवण. त्यांनाही चुलीवर फुकटात जागा आहे. आजवरच्या सगळ्या योजनांनी या यादीतल्या एका कामाला पर्याय दिला आणि अपेक्षा धरली की चूल विझेल.

९ ऑगस्ट

कार्यालयात बैठक. भित्तिपत्रकाचा मसुदा आला आहे. खोकणारी बाई, काळी फुप्फुसं, आणि मोठ्या अक्षरांत ओळ: 'अजूनही बहुसंख्य घरांत चुलीचा धूर!'

मी हे छापायला विरोध केला आणि ॲरिझोनातली गोष्ट सांगितली. तिथे अश्मीभूत लाकडांचं राष्ट्रीय उद्यान आहे, पर्यटक त्यातले तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी पायवाटांवर खुणेचे तुकडे ठेवून दोन पाट्यांची तुलना केली. एका पाटीत लिहिलं होतं की पूर्वी बऱ्याच पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं. दुसरीत नुसती विनंती, कृपया नेऊ नका. पहिल्या पाटीजवळचे जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले, दुसरीजवळचे २ टक्क्यांच्याही आत. 'सगळेच नेतात' हे कळलं की न्यायला हरकत काय, असंच वाटतं.

आमचं पत्रकही तेच सांगत होतं: शेजारणीकडेही चूल आहे, चालू द्या. सहकाऱ्याला पटलं. काळ्या फुप्फुसांबद्दल मात्र वाद झाला, त्याला ती हवीच आहेत. माझं म्हणणं असं की धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, हे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आपण सांगायची गरज नाही. तिला ते आपल्यापेक्षा बरं माहीत आहे. पत्रक रद्द. छपाईचे पैसे वाचले, त्यातून काय करायचं ते ठरवू.

३१ ऑगस्ट

रक्षाबंधनाच्या दिवसापासून सिलिंडर २०० रुपयांनी उतरला. मुंबईतला भाव १,१०२.५० होता, तो ९०२.५० झाला. इकडे चार-सहा रुपयांचा फरक. उज्ज्वलावाल्यांना २०० रुपयांचं अनुदान वेगळं मिळतंच आहे.

गावात याची चर्चा पुरुषांमध्ये, पारावर. बायकांना विचारलं तर दोघी-तिघींनी एकच सांगितलं, टाकी कधी आणायची ते 'हे' ठरवतात. बांगलादेशातल्या एका अभ्यासाची आठवण झाली (ग्रँट मिलर आणि मुश्फिक मुबारक). चूल फुकट दिली तेव्हा आरोग्याला बरी असलेली चूल निवडण्याकडे बायकांचा कल पुरुषांपेक्षा जास्त होता. थोडीशी किंमत लावली की तो कल दिसेनासा झाला, कारण पैसा त्यांच्या हातात नव्हता. आपल्या अंदाजपत्रकातली सगळी जनजागृती बायकांसाठी आहे. पारावर बसणाऱ्यांसाठी एक रुपया नाही.

यंदाचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला. सरपण वाळलेलं आहे आणि भरपूर आहे. रोख नाही.

२४ सप्टेंबर

गौरी-गणपती झाले. सणात गॅस धडाक्यात चालला. पुरण शिजवणं, पाहुण्यांचा चहा, मुंबईहून आलेल्या लेकीसुनांचा स्वयंपाक. दोन घरांत तर सणासाठी म्हणून टाकी राखून ठेवली होती. शेगडी वापरता येत नाही, भीती वाटते, ही दोन कारणं यादीतून काढली.

५ ऑक्टोबर

काल मंत्रिमंडळाने उज्ज्वलाचं अनुदान २०० वरून ३०० केलं.

यानिमित्ताने महालेखापरीक्षकांचा २०१९ चा अहवाल पुन्हा पाहिला. डिसेंबर २०१८ अखेरपर्यंत ज्यांच्या जोडणीला वर्ष होऊन गेलं होतं, त्या उज्ज्वला ग्राहकांनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतले होते. म्हणजे एक टाकी जवळपास चार महिने. आपल्या गावांत जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं: गॅस आहे, पण तो चहाचा, पावसाळ्याचा आणि पाहुण्यांचा.

आणखी एक कारण तेव्हा योजनेतच होतं. शेगडी आणि पहिली टाकी ज्यांनी कर्जाने घेतली, त्यांचं कर्ज पुढच्या टाक्यांच्या अनुदानातून कापलं जायचं. म्हणजे ज्या बाईला गॅसची सवय लावायची, तिलाच सुरुवातीच्या टाक्या पूर्ण भावाने. ते दिवस लोकांच्या लक्षात आहेत. आज भाव विचारला तर अजून तेव्हाचा सांगतात.

वितरणाबद्दल फक्त एवढंच: गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते. वस्तीवर टाकी न्यायची तर मोटारसायकल आणि मोकळा पुरुष, दोन्ही लागतात.

२० नोव्हेंबर

दिवाळी संपली. तापमान नोंदवणाऱ्या बटणाएवढ्या चकत्या मिळाल्या, जगभर चुलींच्या अभ्यासात वापरतात त्याच प्रकारच्या. घरच्यांना सांगून, त्यांच्यासमोर, एक शेगडीला आणि एक चुलीला लावायची. तोंडी विचारलेला वापर आणि मोजलेला वापर यांत नेहमी अंतर पडतं, लोक आपल्याला बरं वाटेल ते सांगतात. ते किती, हे पाहायचं आहे.

१२ डिसेंबर

चकत्या वाचल्या. 'दोन्ही वेळेला गॅसच' म्हणणाऱ्या घरांत शेगडी सकाळी जेमतेम चहापुरती तापलेली. हे अपेक्षितच होतं.

अपेक्षित नव्हतं ते उलट्या बाजूचं. काही सुना सांगतात, आम्ही चुलीवरच करतो. चकती सांगते, शेगडी दुपारी तापते, रोज, थोडा वेळ. एका घरी सूनबाईंना हळूच विचारलं. त्यांनी आधी बाहेर पाहिलं. सासूबाई देवळात गेल्या की त्या स्वतःपुरता चहा, कधी पोरांना मॅगी करून घेतात. गॅस म्हणजे उधळपट्टी, आणि सुनेने गॅस पेटवला म्हणजे आळस, असा घरातला हिशेब.

आमच्या प्रश्नावलीत हे कधीच आलं नसतं. प्रश्नावली सासूसमोरच भरली जाते. या सुनेला धुराचे तोटे समजावून काय होणार? तिची सवय बदललेलीच आहे, तिला फक्त ती लपवावी लागते.

चकत्यांवरची ही माहिती घरात कुणाला दाखवायची नाही, असं ठरवलं. अहवालातही घर ओळखू येईल असं काही नको.

१९ डिसेंबर

देणगीदारांच्या आग्रहाखातर ग्रामसभेत धूरमुक्तीची शपथ झाली. फोटो चांगले आले. चकत्यांत काही फरक नाही.

८ जानेवारी २०२४

थंडीत अंगणातली चूल जास्त वेळ जळते. हे पाणी गॅसवर तापवायला कुणी तयार होणार नाही, आणि तसं सांगायलाही मी तयार नाही. ती चूल उघड्यावर आहे, धूर वर जातो, जवळ कुणी बसून राहत नाही. आपल्या उद्दिष्टांतून ती पूर्णपणे वगळावी असं लिहून पाठवलं. 'चूलमुक्त गाव' ही घोषणा त्यामुळे बाद होते. होऊ दे.

१७ जानेवारी

वाचनाचा दिवस. दोन गोष्टी.

पहिली, स्टेफानो डेलाविग्ना आणि एलिझाबेथ लिनोस यांचा २०२२ चा लेख. लोकांना हलकेच वळवण्याचे जे प्रयोग विद्यापीठीय नियतकालिकांत छापून आले, त्यांत सरासरी परिणाम ८.७ टक्के बिंदूंचा. अमेरिकेतल्या दोन मोठ्या वर्तनबदल चमूंनी केलेले सगळे प्रयोग, छापलेले-न छापलेले एकत्र धरले, तर १.४. या फरकातला मोठा भाग असा की न जमलेलं छापूनच येत नाही. आम्ही प्रकल्प लिहितो तेव्हा पहिल्या आकड्यावर विसंबून लिहितो आणि वाट्याला दुसरा येतो.

दुसरी, हापिन नावाची चाचणी: ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपल्याकडे तमिळनाडू. सुमारे ३,२०० गरोदर बायका. निम्म्यांना शेगडी, आणि १८ महिने लागेल तेवढा गॅस, फुकट आणि घरपोच. त्या घरांनी चूल जवळजवळ पूर्ण सोडली. वापराबद्दल समजावणंही होतं, पण ते गॅसच्या जोडीला. 'बायका जुनं सोडत नाहीत' याचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

पण त्याच चाचणीचा दुसरा निकालही लिहिलाच पाहिजे. बाईच्या वाट्याला येणारे सूक्ष्म धूलिकण चुलीवाल्या गटात घनमीटरला सुमारे ७० मायक्रोग्रॅम होते, गॅसवाल्या गटात २४, तरी बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही. सवय बदलली, अपेक्षित फळ आलं नाही. कारणांवर तज्ज्ञांचा वाद चालू आहे. आपल्या प्रस्तावात 'बालकांच्या आरोग्यात सुधारणा' असं उद्दिष्ट आहे. ते काढून 'धूर कमी, डोळ्यांचा त्रास कमी, सरपणाचे कष्ट कमी' एवढंच ठेवायला सांगितलं.

सहकारी म्हणतो, असं लिहिलं तर पैसे कोण देणार? त्याचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच मोठी वचनं लिहिली जातात, आणि मग शेवटच्या पानावर शेरा गावाच्या नावावर पडतो.

१० फेब्रुवारी

समाजमंदिरात भाकरीची परीक्षा. परीक्षक गावातल्या बायका, भाकऱ्या करणाऱ्याही त्याच. तीन जागा मांडल्या: उघडी चूल, पंख्याची नवी चूल (एका कंपनीने नमुना म्हणून दिलेली) आणि गॅस.

पंख्याची चूल खरंच कमी धुराची. बोटाएवढे तुकडे वरून टाकत राहायचे. पंधरा मिनिटांत प्रश्न आला, "ह्ये तुकडं करून कोन देणार?" लाकूड फोडणं पुरुषाचं काम. तो आठवड्यातून एकदा कुऱ्हाड चालवतो आणि हातभर लांबीची ढलपी काढून रचून ठेवतो. म्हणजे ही चूल जो कधी तिच्यापुढे बसत नाही त्याच्याकडून रोजचं काम मागते. नमुना परत पाठवला, कारण लिहून. कंपनीला ते आवडलं नाही.

गॅसवर मला वाटलं होतं त्याहून बरं झालं. चुलीवरचा जाड तवा तापायला वेळ लागतो. पण लेकीने पुण्याहून आणलेला तवा आणि शेकायला जाळी घेतल्यावर भाकरी फुगली. चार जणींनी खाऊन चांगली आहे म्हटलं. त्यातल्या दोघी गेले सहा महिने मला सांगत होत्या की गॅसच्या भाकरीला चवच नसते.

नंतर भांडी आवरताना एका आजींना विचारलं, मग इतके दिवस चवीचं का सांगत होता? "चवीचं सांगितलं की म्होरं कोन इचारत न्हाई. टाकीला पैसं न्हाईत म्हनायला लाज वाटतीया, बाई."

जुलैपासून भाकरी या एका धाग्यावर मी बरंच काही उभं केलं आहे. निर्धूर चुलीपुरतं ते खरंच आहे, फुटलेलं तोंड समोर दिसतं. गॅसच्या बाबतीत भाकरी ही पैशावर पांघरलेली चादर निघाली. न वापरण्याचं कारण विचारून लिहून घेतलं, की काम झालं असं नाही. ते कारण कुणापुढे आणि कशासाठी सांगितलं गेलं, हेही नोंदीत यायला हवं.

२७ फेब्रुवारी

एक गोष्ट आजवर कुठल्याच अहवालात नव्हती. दोन-तीन घरांनी कुणी न सांगता धूर कमी केला आहे. एकीने चूल आतल्या खोलीतून पडवीत आणली आणि एका बाजूला तट्टा लावला. दुसरीकडे चुलीच्या वरची चार कौलं उचलून मध्ये वीट ठेवली आहे. धूर फटीतून जातो, पाऊस आत येत नाही, शेजारी काचेचं कौल असल्याने उजेडही येतो. चूल जुनीच, तोंड मोठं, वैल शाबूत, भाकरी शेकते.

मागून घेतलेल्या यंत्राने हवेतले सूक्ष्म धूलिकण मोजले. स्वयंपाकाच्या वेळचा आकडा प्रत्येक वेळी बंद खोलीपेक्षा बराच खाली. सुरक्षित म्हणावा असा मात्र कुठेच नाही. देशाचं वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५. कौलं उचलून तिथवर जाता येणार नाही. पण आज धूर खाणाऱ्या बाईला आज थोडा कमी धूर मिळतो, आणि तोही तिच्याच छपराच्या सामानात.

पत्रकांचे वाचलेले पैसे इथे लावायचे. ते गवंडी यायला तयार आहेत. पत्र्याच्या घरांसाठी काय करायचं ते त्यांनाच विचारतेय. उन्हाळ्यात पत्रा कापला तर पावसाळ्यात त्यांच्याकडेच तक्रार येणार, म्हणून ते सावध बोलतात.

११ मार्च

महिला दिनाला सिलिंडर आणखी १०० ने उतरला. मुंबईत ८०२.५०. उज्ज्वलाला ३०० वेगळे. तरी पूर्ण पैसे आधी भरायचे आणि अनुदान मागून खात्यात, ही रीत तशीच. ज्या घरात आठवड्याचा बाजार आठवड्याच्या मजुरीवर चालतो, तिथे अडचण भावाइतकीच या मधल्या दिवसांची आहे. उज्ज्वलात १४.२ किलोच्या टाकीऐवजी ५ किलोची घेता येते, हे गावात कुणाला माहीतच नव्हतं. एजन्सीत विचारलं तर 'मागणी नसते' असं उत्तर. मागणी लिहून दिली.

२२ एप्रिल

अहवालाचा नमुना बदलला. प्रत्येक न जमलेल्या गोष्टीसाठी आता हे रकाने: काय दिलं, ते रोजच्या कुठल्या कामाच्या जागी आलं, ती जागा त्याने भरली का, वापरायला कुणाचा पैसा आणि कुणाचे हात लागले, घरच्यांनी त्यात स्वतः काय फेरफार केला, आणि न वापरण्याचं कारण कुणासमोर सांगितलं गेलं. 'जनजागृतीचा अभाव' हा रकाना काढला. कुणाला तो हवाच असेल तर लोकांना नेमकं काय माहीत नव्हतं ते लिहावं. आतापर्यंत त्यात लिहिण्यासारखं एकच सापडलं, ते ५ किलोच्या टाकीचं.

पहिल्या रकान्यात पंख्याची चूल, शपथ, भित्तिपत्रक, सगळं भरून पाठवलं. देणगीदारांच्या प्रतिनिधीचा फोन आला. आवाज नाराज होता, पण पंख्याच्या चुलीची नोंद त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रकल्पाला पाठवायला मागून घेतली. तिथे तशाच चुलींची मोठी खरेदी ठरत होती.

५ ऑगस्ट

राज्याच्या अन्नपूर्णा योजनेचा शासन निर्णय गेल्या आठवड्यात निघाला. वर्षाला ३ सिलिंडर मोफत. पैसे आधी भरायचे, नंतर खात्यात येणार, म्हणजे जुनीच खोच. तरी एक अट कामाची आहे: जोडणी बाईच्या नावावर हवी. उज्ज्वलाच्या जोडण्या तशाच असतात. बाकी बऱ्याच घरांत ती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे. आता पारावरही नाव बदलण्याची भाषा सुरू झाली आहे. वर्षभर आम्ही पारावर जे बोलू पाहत होतो त्याला कुणी दाद दिली नव्हती.

नाव बदलायचे कागद: आधार, शिधापत्रिका, जुनं गॅस पुस्तक, नवऱ्याची संमती. शुक्रवारी एजन्सीचा माणूस गावात येऊन कागद घेणार आहे. मयत माणसांच्या नावावरच्या जोडण्या आधी घ्यायच्या, मृत्यूचा दाखला काढण्यात वेळ जातो. आशाताई यादी करताहेत. गवंड्यांचं कौलांचं काम पाऊस उघडेपर्यंत थांबवलं आहे.